गुरुजींचा सर्व्हर

ऋजुता माझ्या खुर्चीत मांडी घालून बसली होती आणि तिच्या चहाचा कप माझ्या कीबोर्डला टेकला होता. मी पूजेची फुलं परडीत घेऊन दारात उभी होते.

"वहिनी, हा सर्व्हर असा लहान होणारच नाही नं," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

"मी तेच सांगितलं होतं," मी म्हटलं. "मोठं करता येतं, लहान करता येत नाही."

"म्हणून तर लहान करायचाच नाही. नवा लहान घ्यायचा, सामान तिकडे न्यायचं आणि जुना सोडून द्यायचा. घर बदलतो तसं."

हे माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलं नव्हतं. "वा," हे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या तोंडून तसा 'वा' मी फक्त पुरणपोळीला ऐकला होता.

मिरजेच्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे कचेरीही आणि देवघरही. एका भिंतीला देव, दुसऱ्या भिंतीला कॉम्प्युटर. हे आणि शेखर भावजी दोघांनी मिळून लोकांच्या वेबसाइट्स सांभाळायचा धंदा काढला होता. परदेशी कंपनीचे सर्व्हर भाड्याने घ्यायचे आणि त्यांवर गिऱ्हाइकांच्या साइट्स ठेवायच्या. मुलं शाळेत जायला लागली तसं हे काम मी शिकले, आणि बघता बघता गिऱ्हाइकं मला 'वहिनी' म्हणून फोन करू लागली. धंदा वाढत होता तेव्हा आम्ही एकेक सर्व्हर मोठा करत गेलो. एक बटण दाबलं की झालं. मग निम्मी गिऱ्हाइकं सोडून गेली, सर्व्हर अर्धे रिकामे पडले, बिल मात्र डॉलरमध्ये तेवढंच येत राहिलं. सगळं लहान करा नाहीतर बंद करा, अशी वेळ आली. ते काम यांनी आधी माझ्यावर सोपवलं होतं. मी करून पाहिलं, कंपनीला पत्रं लिहिली, आणि सर्व्हरची जागा एकदा वाढवली की कमी होत नाही हे कळल्यावर 'होत नाही' म्हणून सांगितलं.

तेवढ्यात शेखर भावजींचं लग्न होऊन ऋजुता घरात आली होती. नागपूरची, पुण्यात अशाच कामात नोकरी केलेली. तिला जे सुचलं ते मला का सुचलं नाही, हा प्रश्न मी त्या दिवशी पूजा करताना गणपतीलाच विचारला.

हेवा हा शब्द मी तेव्हा मनातसुद्धा उच्चारत नसे. मी म्हणत असे, मला काळजी वाटते.

काम सोपं नव्हतं, हे मात्र खरं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं सामान निराळं. शाळेची साइट इतक्या जुन्या पद्धतीने बांधलेली की नव्या सर्व्हरवर ती उघडेच ना. द्राक्ष बागायतदार संघाचे वर्षानुवर्षांचे ईमेल तिथेच साठलेले. मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं पान लग्नसराईत पाच मिनिटंही बंद ठेवता येत नव्हतं. कुणाचं काय कुठे अडकलंय ते फक्त मला माहीत होतं. ऋजुता विचारायची आणि मी सांगायची. पण जेवढं विचारलं तेवढंच. तरी तिला सगळं सापडायचं. शाळेसाठी तिने नव्या सर्व्हरमध्ये एक जुनी खोलीच बांधली म्हणा ना, आणि शाळेची साइट तिच्यात सुखाने नांदू लागली.

मी मौनाने जेवते. लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. पूर्वी माझ्या मौनाभोवती घरातले सगळे हळू बोलायचे. ऋजुता आल्यावर जेवताना सर्व्हरच्या गोष्टी रंगायला लागल्या. आज कुणाला हलवलं, काय फुटलं, ते तिने कसं जोडलं. हे आणि भावजी हसून हसून ठसका लागेपर्यंत ऐकायचे. तिच्या सांगण्यात एखादी चूक असली तरी मला मध्ये बोलता येत नसे. मी वाढून घ्यायची, ताक प्यायची आणि उठायची.

एके दिवशी शिकलगार चाचा आले. त्यांचं सतारींचं दुकान, साइटवर फोटो बघून बंगालातून मागणी यायची. पैशाची घासाघीस न करता पहिल्या दिवसापासून ते माझ्याशीच व्यवहार करत आले होते. वर्षातून एकदा तरी घरची करंजी माझ्या हातात देऊन जायचे. त्या दिवशीही डबा आणला होता. मी पदराला हात पुसत पुढे झाले.

"वहिनीसाब, आता फोटो झटक्यात उघडतात बघा," चाचा म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "धाकट्या वहिनीसाब कुठं आहेत? त्यांच्या हातात द्यायचाय डबा."

मी ऋजुताला हाक मारली. ती नाचत आली, डबा उघडून तिथेच एक करंजी तोंडात टाकली आणि दुसरी माझ्यापुढे धरली. "घ्या नं वहिनी."

"माझा उपास आहे," मी म्हटलं. त्या दिवशी उपास नव्हता. मग तो खरा करावा म्हणून मी रात्रीपर्यंत काही खाल्लं नाही.

असं करत एकेक गिऱ्हाईक नव्या लहान घरी गेलं आणि शेवटी ताम्हनकर गुरुजी तेवढे उरले.

गुरुजींचं पंचांग. त्यात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा असत. संकष्टीला चंद्र बघून उपास सोडायचा, आणि आभाळ भरलेलं असलं तर वेळ बघून. कोकणापासून विदर्भापर्यंतची माणसं, झालंच तर आखातात गेलेली, सगळी संध्याकाळी गुरुजींचं पान उघडायची. तो सर्व्हर गुरुजींनी हट्टाने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरावर घेतला होता. आम्ही तो फक्त सांभाळायचो. माझी उपासना बघून त्यांनी तो माझ्या हवाली केला होता, आणि त्यांच्या शब्दावर आणखी आठ-दहा देवस्थानं आमच्याकडे आली होती. गुरुजी गेले तर ती सगळी जाणार आणि धंद्यात काही राहणार नाही, हे घरातलं लहान मूलसुद्धा सांगू शकलं असतं.

"पूर्ण महिना झोपून असतो हा," ऋजुता आलेख दाखवत म्हणाली. "पाहा नं. एवढा मोठा, आणि काही करत नाही."

"संकष्टीला उठतो."

"एका संध्याकाळसाठी महिनाभर हत्ती पोसायचा?"

"गुरुजींच्या सर्व्हरला हात लावायचा नाही," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान आहे. पण यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं.

ऋजुता रागावली नाही. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि समजावून सांगितलं. जागा वाढवली तर कमी होत नाही, पण ताकद कमी-जास्त करता येते. गुरुजींना लहान घरातच ठेवू. संकष्टीच्या सकाळी ताकद वाढवायची, दुसऱ्या दिवशी उतरवायची. दोन्ही वेळेला पाच-सात मिनिटं साइट बंद राहील, तेवढंच.

"आणि दर महिन्याला संकष्टी कधी ते लक्षात कोण ठेवणार?" मी विचारलं.

"तुम्ही आहात नं," ती म्हणाली. "पूजा झाली की बटण दाबायचं."

हे हसले. भावजीही हसले. मला वाटलं, जो उपास मी एवढी वर्षं कुणाला कळू न देता केला, त्याचा हिने गजर करून टाकला.

"मशीनलाच सांगून ठेव ना मग," मी म्हटलं. "माणूस कशाला?"

"ठेवता येते. पण तुम्ही असताना कशाला?"

मी कबूल झाले, एका अटीवर. गुरुजींचा पासवर्ड माझ्याकडेच राहील.

"चालेल," ती इतक्या सहज म्हणाली की मला ती अट घातल्याचं समाधानसुद्धा मिळालं नाही.

गुरुजी लहान घरी गेले त्याच संध्याकाळी मी त्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड बदलला. असा ठेवला की तिला जन्मात ओळखता येऊ नये आणि मला जन्मात विसरता येऊ नये.

पुढच्या संकष्टीपासून बटण माझ्या पूजेत आलं. स्नान, गंध, दूर्वा, नैवेद्य, आणि मग त्याच सोवळ्यात पाट सरकवून खुर्चीत. कधी बोटाला कुंकू राहिलेलं असे, ते कीबोर्डवर उतरायचं. पासवर्ड टाइप करताना माझे डोळे आपोआप मिटायचे. खरं सांगायचं तर त्या दोन मिनिटांत मला बरं वाटायचं. खोलीतलं एवढं एक काम असं होतं जे तिला येत नव्हतं.

मग अंगारकी आली. मंगळवारची संकष्टी, त्या वर्षातली एकुलती एक. एरवी उपास न करणारेही त्या दिवशी करतात. आणि आदल्याच दिवशी माझी अडचण आली.

त्या चार दिवसांत मी देवाच्या खोलीत जात नसे. सासूबाई असतानाची रीत, त्या गेल्यावर मी चालू ठेवली. ऋजुताला मी ती कधी सांगितली नाही आणि तिने कधी पाळली नाही. मी मागच्या खोलीत असायची, पूजा हे करायचे, उपास मात्र माझा मीच करायची. त्या मंगळवारी यांनी अगदी मनापासून पूजा केली. दूर्वा वाहिल्या, आरती म्हटली, मोदकाचा नैवेद्य ऋजुताने केला होता तो दाखवला. बटण यांच्या पूजेत नव्हतं.

माझ्या मनात सकाळीच आलं होतं. पण आठवण करून द्यायची तर पासवर्ड सांगावा लागणार होता. लहान सर्व्हरवरही भागेल, असं मी स्वतःला समजावलं आणि जपाची माळ नसताना बोटांच्या पेरांवर मनातल्या मनात जप करत बसले.

दिवेलागणीला आभाळ गच्च होतं. चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. मिरजेची वेळ बघावी म्हणून मी फोनवर गुरुजींचं पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. मी बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तोच गोल.

"अहो," मी हाक मारली.

सगळे देवाच्या खोलीत धावले. मी जाऊन उंबऱ्याशी थांबले. ऋजुता खुर्चीत बसली, तिची बोटं चालली आणि थांबली.

"वहिनी, पासवर्ड."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अगं, सांग की," हे म्हणाले. भावजींचा फोन वाजायला लागला होता. एका देवस्थानाचा कारकून विचारत होता की गुरुजींचं पान का उघडत नाही.

"पासवर्डशिवाय उघडता येणार नाही का?" मी ऋजुताला विचारलं.

"येते नं. पण मग गुरुजींच्या मोबाइलवर नंबर जाईल, तो त्यांनी सांगितला तरच उघडेल."

भावजींनी गुरुजींच्या घरी फोन लावला. गुरुजी दुपारपासून मंदिराच्या गाभाऱ्यात सोवळ्यात होते. मोबाइल घरी, पेटीत, पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला. चंद्रोदयाची पूजा झाल्याशिवाय ते बाहेर येणार नव्हते.

"विसरलीस का?" यांनी विचारलं.

"नाही."

"मग? काय सोनं ठेवलंय त्यात?" यांचा आवाज चढला. तो माझ्यावर असा कधी चढला नव्हता, आणि तोही तिच्यासमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ऋजुताने माझ्याकडे बघितलं. मग यांना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दोघं जरा अंगणात जाता का?" ते गेल्यावर ती खुर्चीतून उठून उंबऱ्यापाशी आली. ती आत, मी बाहेर.

"वहिनी, देवाचं काही आहे का त्यात?"

मी मान हलवली. "माईंनी दिलेला मंत्र आहे."

माई आमच्या गुरू. नृसिंहवाडीला राहायच्या. त्यांची तसबीर देवांच्या शेजारी होती, ती बघून ऋजुताने एकदा कोण म्हणून विचारलं होतं, तेवढीच तिची ओळख.

"तो सांगायचा नसते?"

"माईंनी माझ्या कानात सांगितला होता. म्हणाल्या, कुणाच्या कानात घालशील तर तिला आपली म्हणावं लागेल. नाहीतर तोंडाबाहेर काढू नकोस."

तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. ती थोडा वेळ माझ्या पायांकडे आणि उंबऱ्याकडे बघत राहिली. मी त्या खोलीत का येत नाही, हे तिला तेव्हा कळलं असावं.

"मग नका सांगू," ती म्हणाली. "गुरुजी बाहेर येईपर्यंत थांबू. लोक शिव्या देतील, आपण ऐकून घेऊ. मी सांगते भाऊजींना, सर्व्हर मी लहान केला, माझंच चुकलं."

आणि तेच मला सहन झालं नाही. हिने 'वा' घेतला, करंज्या घेतल्या, जेवणाच्या पानावरचं हसू घेतलं. आता माझा दोषसुद्धा हीच घेणार आणि त्यातही चांगली दिसणार. बाहेर आभाळाखाली किती माणसं रिकाम्या पोटी तो गोल बघत असतील, हे माझ्या मनात त्यानंतर आलं. आधी हेच आलं.

"इकडे ये," मी म्हटलं.

ती उंबऱ्यावरून वाकली. त्या चार दिवसांत मला कुणी शिवत नसे. तिने सरळ माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कान पुढे केला. त्या कानात एक छोटा खडा होता. मी उंबऱ्याच्या अलीकडून, जसा माईंनी मला दिला होता तसा, तीन वेळा सांगितला. मग श्वास घेऊन म्हटलं, "इंग्रजीत. पहिलं अक्षर मोठं. मध्ये जागा सोडायची नाही. शेवटी एकशे आठ."

ती खुर्चीकडे गेली. टाइप करताना तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग बटण दाबून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. मी उंबऱ्याबाहेर, ती आत, मध्ये समईची ज्योत, आणि माझ्या हातातल्या फोनवर तो गोल. तो फिरायचाही थांबला, पान पांढरं झालं, आणि मग एकदम गावांची नावं उमटली.

"मिरज," मी वाचलं. "आठ वाजून बावन्न."

त्या वेळेला आम्ही सगळ्यांनी अंगणात उभं राहून ढगांना हात जोडले.

जेवून होतंय तोवर गुरुजींचा फोन आला. यांनी सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मध्ये थोडं अडकलं होतं म्हणे, गुरुजी म्हणाले, पण ऐन वेळेला उघडलं, एवढ्या गर्दीत पहिल्यांदाच इतकं झरझर चाललं. मग म्हणाले, "धाकट्या सूनबाईंची कमाल दिसते." माझ्या तोंडात घास होता. मंत्र देऊनही मनातलं जळणं काही कमी झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी न्हाऊन, पूजा करून त्या खोलीत गेले. ऋजुता माझ्या खुर्चीत बसली होती. मला बघून उठली आणि ओढणीने खुर्ची पुसली.

"पासवर्ड बदलला, वहिनी," ती म्हणाली. "तो तिथे ठेवणं बरोबर नाही नं. उद्या मशीन कुणाच्या हातात जाईल."

"आणि जुना?"

"तो आहे." तिने कानातल्या खड्याला हात लावला. "तो कुठे जाते."

"विसरणार नाहीस?"

"रोज म्हणायचा असते का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती बघते म्हणाली.

मग ती वाकली आणि नवा पासवर्ड तिने माझ्या कानात सांगितला. हळू, सावकाश, तीन वेळा, जसा मी तिला सांगितला होता तसा. ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिले. जेवताना एवढी बडबडणारी ही मुलगी माझ्याबद्दल इतकं मायेचं काही मनात जपून असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटचे एकशे आठ तिने तसेच ठेवले होते.

आता गुरुजी नाहीत, त्यांचा पुतण्या पंचांग चालवतो. ऋजुता आणि भावजी पुण्याला असतात, तिथून बाकी सगळं काम तीच बघते. संकष्टीच्या सकाळी पूजा झाली की बटण मात्र मी दाबते, आणि माझी अडचण असायची तेव्हा ती दाबायची. पासवर्ड तोच आहे. तो काय आहे ते हे अजून अधूनमधून विचारतात. मी सांगत नाही. मग पुण्याला फोन लावून तिला विचारतात. ती म्हणते, कानातलं आहे भाऊजी, सांगायचं नसते. हे फोन ठेवतात आणि वर्तमानपत्र उघडतात. यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं ते मी लगेच ओळखते. त्याला मी एके काळी काळजी म्हणत असे.